काचेवर ओरखडा न उमटवता खिडक्या स्वच्छ करण्याची व्यावसायिक पद्धत

नव्या इमारतीचा ताबा देण्याच्या आदल्या आठवड्यात काचा स्वच्छ करणाऱ्यांना बोलावले जाते. तोवर गिलावा, पुट्टी, रंग, वेल्डिंग, ग्राइंडर ही सगळी कामे उरकलेली असतात आणि त्यांतल्या प्रत्येकाने काचेवर आपला काही ना काही अंश ठेवलेला असतो. काचा पुसून होतात, दुसऱ्या दिवशी सकाळचे तिरपे ऊन पडते आणि बारीक समांतर रेघा उठून दिसू लागतात. फॅब्रिकेटर सांगतो की काच बसवली तेव्हा ती निर्दोष होती, रंगारी म्हणतो की आम्ही काचेला हात लावला नाही, आणि दोष शेवटी काच पुसणाऱ्याच्या माथी येतो. छत्रपती संभाजीनगरपासून लातूर-नांदेडपर्यंत काचेच्या दर्शनी भागाची रुग्णालये, शोरूम आणि सदनिका वाढत असताना हा वाद आता वारंवार उभा राहतो, आणि मोठ्या टफन (भट्टीत तापवून मजबूत केलेल्या) काचेची भरपाई लहान ठेकेदाराचा त्या कामातला सगळा नफा खाऊन टाकू शकते.

या लेखात सांगितलेल्या पद्धतीचा आधार एकच आहे: बहुतेक ओरखडे डाग खरवडायच्या स्क्रॅपरची पत्ती स्वतः पाडत नाही, पत्तीखाली किंवा फडक्याखाली सापडलेला कठीण कण पाडतो. त्यामुळे पत्ती हातात घेण्यापूर्वी काय केले, काच कोणत्या प्रकारची आहे हे ओळखले का आणि तिच्यावरची धूळ पाण्याने खाली उतरवली का, यावरच काम निर्दोष होणार की नाही हे ठरते.

काचेला नेमके काय चरते

पदार्थांचा कठीणपणा एकमेकांशी ताडून पाहण्यासाठी फ्रिड्रिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये १ ते १० अशी श्रेणी मांडली. वरच्या क्रमांकाचा पदार्थ खालच्या क्रमांकाच्या पदार्थाला चरतो. या श्रेणीत खिडकीची साधी काच ५.५ च्या आसपास येते आणि पत्तीचे पोलादही जवळपास तिथेच येते, म्हणून स्वच्छ व ओल्या काचेवर नवी पत्ती योग्य कोनात फिरवली तर सहसा काही बिघडत नाही. गारगोटी मात्र ७ वर आहे, आणि वाळूत गारगोटीचे कण असतातच. मराठवाड्याचा बहुतेक खडक काळा पाषाण असल्याने येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. नदीची वाळू महाग आणि दुर्मीळ झाल्यापासून खडी फोडून केलेली क्रश सँड गिलाव्यात आणि काँक्रीटमध्ये सर्रास वापरली जाते. नदीतले कण वाहत आल्याने थोडेफार घासलेले असतात, तर क्रशरमधून निघालेल्या कणांना ताज्या, धारदार कडा असतात, आणि काळ्या पाषाणातली काही खनिजे काचेपेक्षा किंचित का होईना पण कठीणच असतात.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते पॉलिश पेपरकडे. पुट्टी स्वतः मऊ असते, तिच्या भुकटीने काच सहसा चरत नाही. पण ती घासायला वापरलेल्या कागदावरचे कण ॲल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे असतात आणि त्यांचा कठीणपणा ९ च्या घरात असतो. घासताना हे कण कागदावरून सुटतात, पांढऱ्या भुकटीबरोबर खिडकीच्या चौकटीत आणि काचेवर येऊन बसतात, आणि पाहणाऱ्याला ती सगळी निरुपद्रवी पुट्टीच वाटते. ग्राइंडरच्या चकतीतून उडणारी भुकटीही याच जातीची. म्हणून ज्या खोलीत घासकाम झाले आहे त्या खोलीतली पांढरी धूळ कोरड्या फडक्याने पुसणे हे ओरखड्याला निमंत्रण आहे.

ओरखडा पडण्यासाठी कठीण कण, त्यावर दाब आणि दाबाखाली झालेली सरक, या तीनही गोष्टी एकत्र याव्या लागतात. भरपूर पाणी कण वाहून नेते आणि उरलेल्याला तरंगते ठेवते. साबण घर्षण कमी करतो. हलका हात दाब कमी करतो. पुढची प्रत्येक पायरी या तिन्हींपैकी एखादी गोष्ट दूर ठेवण्यासाठी आहे.

काच ओळखणे

काम स्वीकारण्यापूर्वी प्रत्येक प्रकारच्या काचेसमोर दोन मिनिटे उभे राहावे. टफन काचेच्या एखाद्या कोपऱ्यात बहुधा कंपनीचा न पुसला जाणारा छाप असतो. इमारतीसाठीच्या सुरक्षा काचेचे भारतीय मानक आयएस २५५३ आहे आणि त्याचा क्रमांक छापात दिसू शकतो. छाप चौकटीत दडला असेल तर पोलराइज्ड गॉगल लावून काचेकडे तिरपे पाहावे; टफन काचेवर बऱ्याचदा ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची अंधूक नक्षी दिसते, जी भट्टीतून काढल्यावर हवेच्या झोतांनी काच थंड केल्यामुळे उमटलेली असते.

आरशासारख्या चमकणाऱ्या रिफ्लेक्टिव्ह काचेत लेप कोणत्या बाजूला आहे हे कळणे फार गरजेचे असते. पेनाचे टोक काचेला अलगद टेकवावे. प्रतिबिंबातले टोक खऱ्या टोकाला थेट भिडलेले दिसले तर लेप आपल्याच बाजूला आहे. दोन्ही टोकांत काचेच्या जाडीइतके अंतर दिसले तर तो पलीकडे आहे. लेप आपल्या बाजूला असेल तर त्या काचेवर पत्ती, तारेची घासणी, पावडर यांपैकी काहीही चालवू नये, कारण तिथे ओरखडा काचेवर पडण्याआधीच लेप निघून जातो आणि तो परत चढवता येत नाही. आतून सनफिल्म लावलेल्या काचेचेही तसेच: फिल्म हे प्लॅस्टिक आहे, तिच्यावर फक्त साबणाचे पाणी, मऊ कापड आणि चांगल्या रबराचा वायपर चालतो, अमोनिया असलेला क्लीनर वापरू नये, आणि फिल्म नुकतीच लावली असेल तर लावणाऱ्याने सांगितलेली मुदत उलटेपर्यंत तिला हात लावू नये. पोर्चवरचे पारदर्शक छत किंवा जिन्याजवळचे पत्रे काचेसारखे दिसले तरी ते बहुधा पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचे असतात. त्यांना पत्तीही नको आणि थिनरही नको.

टफन काचेची खरी अडचण

टफन काच साध्या काचेपेक्षा मऊ असते, म्हणून तिच्यावर लवकर ओरखडे पडतात, असा समज या व्यवसायात खोलवर रुजला आहे. तो चुकीचा आहे. टफन करण्यासाठी काच आधी हव्या त्या मापात कापतात, तिच्या कडा घासतात, ती धुतात आणि मग भट्टीत ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या जोरदार झोतांनी एकदम थंड करतात. भट्टीत काच सिरॅमिकच्या रुळांवरून सरकते. कडा घासताना तयार झालेला काचेचा भुगा धुताना पूर्ण निघाला नाही, किंवा रुळांवर आधीचे कण साचलेले असले, तर ते मऊ झालेल्या पृष्ठभागाला चिकटतात आणि काच थंड झाली की तिचाच भाग होऊन बसतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. स्क्रॅपरची पत्ती त्यांवरून गेली की कण उखडतो, पत्तीच्या धारेत अडकतो आणि पुढच्या सगळ्या फटकाऱ्यात नांगराच्या फाळासारखा तास पाडत जातो.

हे कण बहुतेक वेळा काचेच्या एकाच बाजूला, रुळांना टेकलेल्या बाजूला असतात, आणि बसवताना ती बाजू आत गेली की बाहेर हे कोणी पाहिलेले नसते. त्यामुळे एकाच दर्शनी भागातल्या दोन शेजारच्या काचांपैकी एक बिनधोक आणि दुसरी धोक्याची निघू शकते. याचा सरळ अर्थ असा की चाचणी एका काचेवर करून भागत नाही. पत्ती लागणार असेल तर ती प्रत्येक काचेच्या प्रत्येक बाजूला करावी लागते.

चाचणी करताना प्रथम काचेचा खालचा कोपरा भरपूर पाण्याने धुऊन घ्यावा. मग पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून ओल्या काचेवरून बोटे अगदी अलगद फिरवावीत. उघड्या बोटांना न जाणवणारी खरखर पिशवीतून चटकन जाणवते. त्यानंतर नवी पत्ती लावून त्या कोपऱ्यात चार-पाच बोटे लांबीचा एक फटकारा मारावा आणि कान द्यावा. स्वच्छ काचेवर पत्ती जवळजवळ आवाज न करता सरकते, फार तर पाण्याची हलकी सुरसुर होते आणि हाताला एकसारखी ओढ लागते. कण असतील तर बारीक कर्रकर्र ऐकू येते आणि मुठीला एकामागून एक टोचल्यासारखे झटके बसतात. तो आवाज आला की त्या काचेवरचे पत्तीचे काम तिथेच थांबवावे, काचेवर खुणेची चिकटपट्टी लावावी, फोटो घ्यावा आणि मालकाला किंवा साइट इंजिनिअरला जागेवर बोलावून तोच आवाज ऐकवावा. शंभर शब्दांच्या खुलाशापेक्षा तो आवाज ऐकवणे अधिक उपयोगी पडते.

पाहणी आणि कागद

काच धुण्याआधी तिच्यावरचे जुने ओरखडे पूर्ण दिसत नाहीत, हे मान्य करूनच पाहणी करावी लागते. निदान प्रत्येक मजल्यावरच्या दोन-तीन काचा धुऊन, मागे काळे कापड धरून बाजूने टॉर्च मारावी. जुन्या ओरखड्यांची जात ओळखता येते: गवंड्याची थापी किंवा फळी घासून गेलेला ओरखडा एकटा, वाकडा आणि खोल असतो; चौकटीच्या रुळात अडकलेल्या खड्याने सरकत्या खिडकीवर पाडलेली रेघ अगदी सरळ आणि आडवी असते; कोरड्या फडक्याने रगडलेल्या धुळीचे जाळे गोल गोल असते; आणि पत्तीचे ओरखडे पत्तीच्या रुंदीच्या पट्ट्यात एकमेकांना समांतर असतात. ग्राइंडर किंवा वेल्डिंगच्या ठिणग्या काचेत रुतल्या असतील तर बोटाला टोचणारे तपकिरी ठिपके लागतात. ते लोखंडाचे वितळलेले कण काचेत शिरून बसलेले असतात, पुढे गंजतात, आणि पत्तीने काढू गेल्यास काचेची खपली घेऊन निघतात. त्यांवर इलाज नाही. फक्त नोंद करावी.

अंदाजपत्रकासोबत दोन-तीन वाक्यांचा मजकूर जोडून त्यावर सही घ्यावी. मजकूर असा असू शकतो: «काचेवर सिमेंट, रंग, सिलिकॉन किंवा टेपचा गोंद चिकटलेला असून तो काढण्यासाठी पत्तीचा वापर करावा लागणार आहे. टफन काचेच्या पृष्ठभागावर निर्मितीच्या वेळी चिकटलेले कण असल्यास पत्तीमुळे ओरखडे पडू शकतात, याची कल्पना आम्हांस देण्यात आली आहे. सोबतच्या यादीतील ओरखडे काम सुरू होण्यापूर्वीचे आहेत.» सही देण्यास नकार मिळाला तर पत्तीचे काम स्वीकारू नये, फक्त धुण्याचा दर द्यावा. मात्र या कागदामुळे निष्काळजीपणाने काम करण्याची मोकळीक मिळते असे कोणी समजू नये; चाचणीत कर्रकर्र ऐकूनही पत्ती चालवत राहिलेल्या माणसाचा बचाव कोणताही कागद करत नाही आणि करूही नये.

साहित्य

दोन बादल्या, बागेचा किंवा शेतीचा हाताने दाब भरायचा फवारणी पंप, काच ओली करायचा मऊ लोकरी आवरणाचा दांडा, चांगल्या रबराचा वायपर, स्क्रॅपर आणि भरपूर नव्या पत्त्या, प्लॅस्टिकची पत्ती, स्वच्छ मायक्रोफायबर कापडे, चौकटींसाठी कोरडा ब्रश आणि व्हॅक्यूम एवढे पुरते. शेतातला पंप आणायचा मोह होतो, पण ज्या पंपातून कधी कीटकनाशक किंवा तणनाशक फवारले आहे तो कितीही धुतला तरी घराच्या खिडक्यांसाठी वापरू नये. नवा पंप फार महाग पडत नाही.

भांडी घासायची हिरवी घासणी कामाच्या पिशवीतही ठेवू नये. तिच्या धाग्यांवर चिकटवलेले घासकण काचेपेक्षा कठीण असतात आणि घाईच्या वेळी जे हाताला लागते तेच वापरले जाते. राख, रांगोळी, टाइल्सची पावडर यांनाही हाच नियम लागू आहे. वर्तमानपत्राने काच लखलखते हे खरे असले तरी ते धुतलेल्या काचेचे शेवटचे पुसणे आहे, धुळीच्या काचेवर कोरडा कागद रगडण्याची पद्धत नव्हे.

कापडांबाबत शिस्त असावी. जमिनीवर पडलेले कापड काचेला पुन्हा लावू नये, मग ते कितीही स्वच्छ दिसो. ते वेगळ्या पिशवीत टाकावे. चौकट पुसायचे कापड एका रंगाचे आणि काचेचे दुसऱ्या रंगाचे ठेवले तर नवख्या मुलालाही चूक होत नाही.

धुण्याचा क्रम

वेळ निवडणे हीच पहिली पायरी आहे. मार्च ते जून या काळात मराठवाड्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि उन्हातली काच हाताला चटका देते. अशा काचेवर टाकलेले पाणी वायपर पोहोचण्याआधी वाळते, साबणाचा थर चिकट होतो आणि शेवटी माणूस ओली काच न धुता कोरडी काच घासू लागतो. शिवाय तापलेल्या साध्या काचेवर गार पाणी पडल्यास ती तडकण्याची भीती असतेच. म्हणून सकाळी पश्चिमेकडच्या आणि दुपारनंतर पूर्वेकडच्या काचा घ्याव्यात, आणि वावटळीचा वारा सुटला असेल तर बाहेरचे काम थांबवावे.

काचेच्या आधी चौकट. सरकत्या खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या रुळात वाळू, सिमेंट आणि मेलेले किडे साचलेले असतात; ते कोरड्या ब्रशने सैल करून व्हॅक्यूमने ओढावेत. मच्छरांची जाळी काढून वेगळी धुवावी, कारण जाळीला आपटलेले पाणी तिच्यातली सगळी धूळ काचेवर आणून टाकते. ओला दांडा रुळाला किंवा बाहेरच्या भिंतीच्या कडेला घासून तसाच काचेवर आणणे ही कामावर रोज दिसणारी आणि सर्वांत जास्त ओरखडे पाडणारी सवय आहे. काचेच्या कडेपासून दोन बोटे आतच दांडा ठेवावा आणि कडा शेवटी वेगळ्या कापडाने पुसावी.

मग काचेला काहीही न टेकवता पंपाने वरून खाली पाणी मारावे, निघणारे पाणी गढूळ असेतोवर. पहिल्या पाण्यात काळ्या मातीची धूळ फुगून चिखल होते आणि ओघळते, पण तिच्याबरोबरचे रेतीचे कण मागे राहतात. म्हणून काही मिनिटे थांबून दुसरे पाणी मारावे. त्यानंतर स्वच्छ बादलीत १० लिटर पाण्याला एक-दोन चमचे भांड्यांचा द्रव साबण घालून लोकरी दांडा त्यात बुडवावा आणि स्वतःच्या वजनापेक्षा जास्त जोर न देता वरून खाली फिरवावा. प्रत्येक काचेनंतर दांडा आधी दुसऱ्या बादलीत खळबळून मगच साबणाच्या बादलीत घालावा. बादलीच्या तळाशी गाळ साचतो. तळापासून थोडी वर एक प्लॅस्टिकची जाळी बसवली तर तो दांड्याला लागत नाही. पाणी गढूळ दिसू लागले की बदलावे.

पाणी बदलण्याच्या सूचनेला मराठवाड्यात नेहमी एकच उत्तर मिळते: पाणी आहे कुठे? २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे काच धुण्यासाठी नळ सोडून ठेवा असे कोणीही सांगणार नाही. पण बादलीपेक्षा पंपाने मारलेले पाणी कितीतरी कमी लागते, आणि खळबळण्याच्या बादलीतले पाणी गाळ खाली बसू देऊन वरचे निवळ तेवढे काढून चौकटींसाठी किंवा फरशीसाठी वापरता येते. एकाच बादलीत अख्खा मजला उरकून वाचवलेले पाणी मात्र महागात पडते, कारण पाचव्या-सहाव्या काचेपासून आपण काचेवर आधीच्या काचांची वाळू फिरवत असतो.

पत्ती चालवताना

धुऊन झाल्यावरही सिमेंटचे थेंब, रंगाचे शिंतोडे, टेपचा गोंद किंवा सिलिकॉन शिल्लक राहिले तरच पत्तीचा विचार करावा. त्याआधी प्रत्येक डागाला त्याच्या प्रकृतीचा उपाय करून पाहावा. डिस्टेंपर आणि पाण्यातला रंग ओले कापड काही वेळ चिकटवून ठेवले की मऊ पडतो. ऑइल पेंटला कापडावर घेतलेले टर्पेंटाइन लागते, काचेवर ओतलेले नव्हे, कारण ते ओघळून चौकटीचे रबर आणि सिलिकॉन बिघडवते. उन्हात भाजून निघालेल्या टेपचा गोंद साबणाच्या पाण्याने भिजवून प्लॅस्टिकच्या पत्तीने लोटता येतो. कबुतरांची विष्ठाही आधी भिजवावी. पक्षी दाण्याबरोबर बारीक खडे खातात आणि ते कधीकधी विष्ठेतही निघतात.

सिमेंटचा थेंब वेगळा वागतो. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते आणि ते काचेवर दिवसेंदिवस राहिले तर खालची काच पांढुरकी पडते. असा डाग काढल्यावर जो ठसा उरतो तो मळ नसतो, त्या जागी काचच झिजलेली असते. त्यावर जोर लावत राहिल्यास ठसा जात नाही आणि भोवती ओरखडे वाढतात. सिमेंटचा जाड थेंब आधी ओला करून प्लॅस्टिकच्या पत्तीने वरचा भाग मोडून घ्यावा आणि सुटलेली वाळू लगेच पाण्याने धुऊन टाकावी, म्हणजे लोखंडी पत्तीला काचेलगतचा पातळ थर तेवढाच उरतो.

पत्ती काचेशी साधारण ३० अंशांचा कोन करील अशी धरावी आणि फक्त पुढे ढकलावी. फटकारा संपला की ती काचेवरून उचलावी, मागे ओढू नये. पुढे जाताना पत्तीपुढे साचलेला कण मागे ओढताना तिच्याखाली जातो, आणि पत्तीने पडणाऱ्या ओरखड्यांचा मोठा वाटा या एका हालचालीचा असतो. दर दोन-तीन फटकाऱ्यांनी पत्ती ओल्या कापडाने पुसावी. काच सतत ओली हवी. वाळू लागताच पुन्हा पाणी मारावे. एका हाताने पत्ती आणि दुसऱ्या हाताने मोबाइल अशी कामे करणाऱ्याच्या हाती स्क्रॅपर देऊ नये.

पत्तीच्या बाबतीत काटकसर करू नये. धारेवर बोटाने न जाणवणारी खाच पडली तरी काचेवर तिची रेघ उमटते, आणि काल ओली ठेवलेली पत्ती आज गंजलेली असते. स्टीलच्या खिडकीला लागून वाकलेली, सिमेंटवर आदळलेली किंवा रात्रभर स्क्रॅपरला लावून ठेवलेली पत्ती सरळ टाकून द्यावी. टाकताना ती झाकण असलेल्या डब्यात टाकावी, कारण कचरा वेचणारा माणूस ती उघड्या हाताने उचलणार असतो.

बोअरच्या पाण्याचे डाग

मराठवाड्यातल्या खिडक्यांवर ओरखड्यांचे एक मोठे कारण म्हणजे क्षाराचे पांढरे डाग काढण्यासाठी केलेली घासाघीस. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या मानकात पाण्याच्या एकूण कठीणपणाची, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची, अपेक्षित मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसेल तेव्हाची कमाल मर्यादा ६०० मिलिग्रॅम आहे. येथील अनेक बोअरचे पाणी २०० च्या बरेच वर असते. उन्हाळाभर खिडकीत लावलेल्या कूलरमधून उडणारे तेच पाणी शेजारच्या काचेवर वाळत राहते आणि पावसाळा येईपर्यंत तिथे कवच तयार होते.

या कवचाचा बराचसा भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आणि तो आम्लात विरघळतो. त्याला घासायची गरजच नसते. लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड किंवा पांढरे व्हिनेगर पाण्यात मिसळून त्यात भिजवलेले कापड डागावर चिकटवून ठेवावे, ते वाळू देऊ नये, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. गरज पडल्यास हेच पुन्हा करावे. खिडकीखालची कडप्पा, शहाबादी किंवा संगमरवराची पट्टी आधी प्लॅस्टिकने झाकावी, कारण हे सगळे चुनखडीच्या कुळातले दगड आहेत आणि आम्लाचा थेंब त्यांवर कायमचा डाग पाडतो. संडासात वापरायचे तीव्र ॲसिड ॲल्युमिनियमची चौकट खाऊन टाकते. हायड्रोफ्लुओरिक ॲसिड किंवा फ्लुओराइडयुक्त डाग काढणारी रसायने तर कोणत्याही परिस्थितीत वापरू नयेत: ती काच झिजवतात आणि त्वचेतून आत शिरून जिवावर बेतणारी इजा करतात, तीही कधीकधी सुरुवातीला न दुखता.

शेवटचे धुणे शक्य असेल तिथे जारच्या आरओ पाण्याने करावे. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या, स्वस्तात मिळणाऱ्या टीडीएस मीटरने बोअरचे आणि जारचे पाणी ग्राहकासमोर मोजून दाखवले की या वाढीव खर्चावर सहसा हरकत घेतली जात नाही.

ओरखडा दिसलाच तर

हात तिथेच थांबवावा. पत्ती बदलून, काच पुन्हा धुऊन, त्याच काचेच्या दुसऱ्या कोपऱ्यात चाचणी घ्यावी, म्हणजे दोष पत्तीचा, उरलेल्या धुळीचा की काचेवरच्या कणांचा हे कळेल. ग्राहकाला त्याच दिवशी सांगावे. नख आडवे फिरवल्यावर अडकत नसेल असा फिकट ओरखडा सेरियम ऑक्साइडच्या पॉलिशने आणि ओल्या नमद्याच्या चकतीने कमी करता येतो, परंतु एकाच जागी फार वेळ चकती फिरवली तर काच तापते आणि तिथे खोलगट भाग होऊन पलीकडचे दृश्य वाकडे दिसू लागते. लेप असलेल्या काचेवर पॉलिश करूच नये. नख अडकत असेल तर पॉलिशचा नाद सोडावा. ओरखडा पूर्ण जाईपर्यंत काढावी लागणारी काच इतकी असते की मूळ दोषापेक्षा दुरुस्तीच जास्त दिसते. टफन काच पुन्हा कापता येत नाही आणि तिच्यावरचा असा खोल ओरखडा दुरुस्त होत नाही, त्यामुळे तिथे बदलणे किंवा तशीच ठेवणे एवढेच पर्याय उरतात, आणि तो निर्णय ग्राहक व फॅब्रिकेटर यांनी पाहणीची यादी आणि चाचणीचे फोटो समोर ठेवून घ्यावा.